लंगडण्याची योग्य जागा

आनंद ही अत्यंत गंभीर बाब आहे. ती लोकांच्या मर्जीवर सोडली तर माणसं वाट्टेल तिथे, वाट्टेल तेव्हा आनंदी होत सुटतील आणि मग व्यवस्थापनाला करायला काही उरणार नाही. म्हणून आनंदाला कुंपण घातलं, कुंपणाला फाटक लावलं, फाटकाशी तिकीटघर बसवलं आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची सोय केली. तेव्हा कुठे तो सहकुटुंब घेण्याजोगा झाला. अशा जागेला करमणूक उद्यान म्हणतात. उद्यानानेच केलेल्या पाहणीनुसार तिथे येणाऱ्या शंभरातले अठ्ठ्याण्णव जण आनंदी असतात. (उरलेले दोघे पाहणी करणारे.)

अशा एका उद्यानात एका सकाळी एक कुटुंब येऊन पोहोचलं. वडील वजनमापं तपासणाऱ्या खात्यात तपासनीस होते. दुरून त्यांची सायकल दिसली तरी दुकानदार तराजू पुसायला घेत. जे मोजता येतं त्यावर त्यांचा विश्वास होता आणि जे मोजता येत नाही त्याच्याशी सहसा त्यांचा संबंध येत नसे. अपवाद एकच, त्यांची मुलगी.

तिचं घरातलं नाव भिंगरी. हे नाव ती दीड वर्षाची असताना ठेवलेलं, तेव्हा ती खरोखरच भिंगरीसारखी घरभर फिरायची. पुढे तिच्या सांध्यांनी असहकार पुकारला. गुडघे, घोटे, मनगटं, कधी कोण सुजेल सांगता यायचं नाही. एक दिवस पोरगी जिन्यावरून उड्या मारत उतरायची आणि दुसऱ्या दिवशी तिला कुशीवर वळायलाही आईचा हात लागायचा. बाहेरून दोन्ही दिवशी ती सारखीच दिसायची, गोबरी आणि तरतरीत. दिसण्याच्या बाबतीत तिने आजाराला अजिबात सहकार्य केलं नव्हतं.

मोजायला काही साधन नसल्यामुळे तपासनीसांनी घरापुरती एक पद्धत बसवली होती. रोज सकाळी दारात उभे राहून ते विचारत, "आज हवा कशी?" आणि भिंगरी अंथरुणातून सांगायची, निरभ्र, ढगाळ, झड किंवा वादळ. या पद्धतीचा नियम एकच होता. कमी सांगायचं नाही आणि जास्तही सांगायचं नाही. मापात पाप तपासनीसांच्या घरात चालणार नव्हतं. अकरा वर्षांच्या भिंगरीने हा नियम कधी मोडला नव्हता, आणि पुढे जो घोटाळा झाला तो यामुळेच झाला.

भिंगरीला त्या उद्यानातल्या गरुडझेपेत बसायचं होतं. गरुडझेप म्हणजे रुळावरून धावणारी गाडी. ती आधी हळूहळू आभाळाला भिडते आणि मग कुणी ढकलून दिल्यासारखी खाली येते. दोनदा बेत ठरला आणि दोनदा ऐनवेळी वादळ झालं. या खेपेला मात्र सकाळी ती आपण होऊन दारात आली आणि म्हणाली, "बाबा, निरभ्र! एकदम निरभ्र! चला लवकर." अडचण इतकीच, की गरुडझेपेची रांग उद्यानाच्या लौकिकाला शोभेल अशी लांबलचक होती. तेवढा वेळ उभं राहिलं तर पाळी येईपर्यंत हवा फिरणार, आणि मग पुन्हा घर, गादी आणि पुढच्या वेळी बघू. निरभ्र दिवस असे ठेवणीत ठेवता येत नाहीत. तो आजच वापरायला हवा होता.

फाटकावर पिशवी उघडली गेली. गोळ्या, मलम, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या, बर्फाच्या थैल्या, सगळं आत सोडलं. बिस्किटं तेवढी काढून घेतली, कारण बाहेरचं खाणं आणायला मनाई होती. "गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही हो," भिंगरीची आई म्हणाली. "मग गोळी बाहेरच द्यायची होती," पहारेकरी बाई समजूतदारपणे म्हणाली. आजी, म्हणजे तपासनीसांच्या मातोश्री, खुशाल पुढे निघाल्या. त्यांनी चार बिस्किटं घरूनच चष्म्याच्या डबीत घातली होती आणि चष्मा नाकावर होता.

उद्यानाचं मन मोठं होतं. आजारी आणि अपंग पाहुण्यांसाठी तिथे विशेष सौजन्य कक्ष होता. तो मुद्दाम पार दुसऱ्या टोकाला ठेवलेला होता, म्हणजे अर्ध्या वाटेत थकून परत फिरणाऱ्यांची गर्दी टळे. दारावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं: 'ज्यांना रांगेत उभे राहणे शक्य नाही त्यांनी येथे रांग लावावी.' तपासनीसांना ती शिस्त पाहून बरं वाटलं. भिंगरीला आईने पिशवीवर बसवलं. पिशवीतल्या गोळ्यांचा तेवढ्यात चुरा झाला नाही, हे नशीब.

कक्षातल्या बाई सौजन्यशील होत्या. तसं त्यांच्या खांद्यावरच्या फितीवर छापलेलंच होतं. तपासनीसांनी डॉक्टरांच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा पुढे केला. बाईंनी तो प्रेमाने परत सरकवला.

"कागद काय हो, कुणीही आणतं. आम्ही प्रत्यक्ष बघतो." मग त्यांनी एक लांब पट्टी काढली. तिच्यावर सहा चेहरे होते. पहिला खदखदून हसणारा, मधले हळूहळू कसनुसे होत गेलेले आणि शेवटचा हमसून रडणारा. "बाळा, आत्ता तुला कसं वाटतंय? त्या चेहऱ्यावर बोट ठेव बरं."

आईने डोळे मिटून घेतले. आजीने मागून नातीच्या पाठीत हलकेच काठी टोचली. पण कमी सांगायचं नाही आणि जास्तही सांगायचं नाही. भिंगरीने पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आज निरभ्र आहे."

"अरे वा! अभिनंदन!" बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला आमची गरजच नाही."

"आत्ता बरी आहे ती," तपासनीस म्हणाले, "पण रांगेत उभी राहिली की बरी राहणार नाही."

"मग तेव्हा या ना!"

खात्यात इतकी वर्षं काढूनही इतकं बिनतोड वाक्य तपासनीसांनी ऐकलं नव्हतं. ते क्षणभर भारावून गेले. मग आपण कुणाच्या बाजूने आलो आहोत हे आठवून त्यांनी कागदांचा गठ्ठा पुन्हा पुढे सरकवला.

एवढ्यात आजीने काठी खिडकीवर आपटली. "अहो बाई, तो पंखा वाढवा जरा, जीव उकडून निघाला."

आजीची काठी गुडघ्यांसाठी नव्हती, वचकासाठी होती. काठीने त्या कुत्री हाकलत, माळ्यावरचे डबे ओढत आणि बोलताना मुद्दा ठसवत. चालताना ती बहुतेक बगलेत असे, कारण हातात धरली की वेग कमी व्हायचा. बाईंनी मात्र काठी पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आजी, किती सोसता हो तुम्ही! आणि तोंडातून एक शब्द नाही!"

"मला काय धाड भरलीय?" आजी कडाडल्या.

"असंच म्हणतात बिचारे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आजीच्या मनगटावर नारिंगी सौजन्य कंकण चढवलं. कंकणाबरोबर तीन सोबत्यांना प्रवेश होता. अशा रीतीने त्या कुटुंबातली सगळ्यात ठणठणीत व्यक्ती अधिकृतपणे आजारी झाली आणि सगळ्यात आजारी व्यक्ती तिची मदतनीस.

गरुडझेपेकडे जाणारा सौजन्य मार्ग नेहमीच्या रांगेला लागूनच होता. मध्ये फक्त कमरेएवढे गज. सर्वसामान्य पाहुण्यांना विशेष पाहुणे जवळून बघता यावेत असा त्यात विचार असावा. ही करमणूक तिकिटातच धरलेली आहे. पुढे आजी काठी बगलेत मारून तरातरा निघाल्या, मागे तिघं. रांगेतल्या एका टोपीवाल्या गृहस्थांनी चौघांवरून नजर फिरवली आणि भिंगरीच्या पायांवर आणून थांबवली.

"काय झालंय हो हिला? मस्त तर चालतेय." हा प्रश्न त्यांनी कुणाला म्हणून विचारला नव्हता, म्हणजेच तो सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला होता. "हल्ली ही एक नवीन युक्ती निघालीय."

"मला झालंय!" आजीने मनगट नाचवलं. "दिसत नाही का?" पण तोवर अख्ख्या रांगेची नजर पोरीच्या पायांवर आली होती.

आणि भिंगरी लंगडायला लागली.

शाळेत कुणी चिडवू नये म्हणून दुखत असतानाही सरळ चालायचं तिने दोन वर्षं खपून शिकून घेतलं होतं. आता एकही सांधा दुखत नसताना ती डावा पाय ओढत चालली. रांगेचा जीव भांड्यात पडला. "अरेरे," एक बाई म्हणाल्या, "एवढीशी पोर!" टोपीवाल्यांनीही टोपी जराशी मागे सरकवली, जणू काही दिलगिरी. तपासनीसांना भडभडून आलं. त्यांनी जन्मभर खोटी वजनं पकडली होती. आज त्यांच्या पोरीने पहिल्यांदाच खोटं वजन टाकलं, आणि ज्या बाजारात तिचं खरं दुखणं कुणी घेतलं नव्हतं तिथे ते हातोहात खपलं.

गाडीपाशी शिट्टीवाले उभे होते. आणीबाणीत उंचावरून चालत उतरता येईल अशाच माणसांना गाडीत बसवणं हे त्यांचं काम. त्यांनी लांबूनच शिट्टी फुंकली. "लंगडणाऱ्यांना बंदी. आणि कंकणवाल्यांनाही."

"मग कंकण कशाला दिलंय?" आजीने विचारलं.

"इथपर्यंत लवकर यायला." शिट्टीवाल्यांनी पाटीकडे बोट केलं. पाटीवर हृदय, पाठ, मान, डोकं, अलीकडची शस्त्रक्रिया, काठी, कुबडी आणि शेवटी 'विशेष सौजन्य कंकणधारक' अशी मनाई होती. "सोबती बसू शकतात. धडधाकट असले तर." मग ते भिंगरीला म्हणाले, "या पिवळ्या पट्टीवरून गाडीपर्यंत चालून दाखव. सरळ."

पिवळी पट्टी रांगेच्या अगदी समोरून जात होती. म्हणजे एका बाजूला लंगडायला हवं होतं आणि दुसऱ्या बाजूला लंगडून चालणार नव्हतं. उद्यानाने दोन्ही बाजूंची सोय एकाच पट्टीवर केली होती. पन्नासेक माणसं बघत उभी होती. "बाबा," भिंगरी हळूच म्हणाली, "मी काय करू?"

तपासनीस खाली वाकले. "आज हवा कशी?"

"निरभ्र."

"मग तशीच चाल."

भिंगरी चालली. सरळ, ओळंब्यात धरल्यासारखी. आणि शेवटची दोन पावलं तर तिला राहवलंच नाही, ती धावली.

रांगेतून एकच गलका उठला. "बघा! बघा! नाटक!" टोपीवाल्यांचा चेहरा तर उजळून निघाला. आपण बरोबर होतो हे कळण्यासारखा आनंद गरुडझेपेतही नाही, आणि त्यांना तो रांगेतच मिळाला. (शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांत त्यांची गणना झाली.) शिट्टीवाल्यांनी मात्र समाधानाने मान हलवली आणि बापलेकीच्या कमरेवर पट्टा आवळला.

आजी आणि आई बाकावर बसल्या. गाडी वर गेली, टोकाला थबकली आणि कोसळली. तपासनीसांनी डोळे घट्ट मिटले होते. शेजारून येणारी आरोळी भीतीची नव्हती एवढं त्यांना न बघताही कळलं. खाली उतरल्यावर भिंगरीने चष्म्याच्या डबीतल्या बिस्किटांबरोबर गोळी घेतली आणि विचारलं, "परत?" परत कुणी बसू दिलं नाही. पण त्या टोकावर उद्यानाने आपण होऊन एक फोटो काढला होता, तो त्यांनी विकत घेतला. फोटोत दोन्ही हात वर आणि तोंडाचा आ झालेली भिंगरी आहे, आणि बाजूला एक घाबरलेला सरकारी नोकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभं राहून तपासनीसांनी विचारलं, "आज हवा कशी?"

"वादळ," भिंगरी उशीतून म्हणाली. तिला मानही वळवता येत नव्हती. "पण बाबा, चालेल."

तो फोटो तिच्या पलंगामागच्या भिंतीवर लावलेला आहे. समाचाराला येणारे आधी तिच्याकडे बघतात, मग फोटोकडे, मग परत तिच्याकडे, आणि म्हणतात, "फोटोत तर छान दिसतेय की!"

उद्यानाने त्या प्रसंगातून धडा घेतला. चेहऱ्यांची पट्टी आता बंद आहे. नव्या पद्धतीनुसार अर्जदाराची हकीकत, तिच्याशी काही देणंघेणं नसलेल्या सुशिक्षित लोकांना वाचायला देतात. त्यांनी आरामात बसून शेवटपर्यंत वाचायचं आणि पोरगी खरंच आजारी आहे का ते ठरवायचं. हकिकतीत आजाराचं नाव मुद्दाम घालत नाहीत, कारण ते शोधत वाचणारा वाचक लक्ष देऊन वाचतो.

भिंगरीची हकीकत तुम्ही आत्ता वाचलीत. आजाराचं नावही शोधलंत. शेवटची दोन पावलं ती धावली तेव्हा तुमच्याही मनात काहीतरी येऊन गेलं. ते कळवायची तसदी घेऊ नका, आम्ही मघाशीच टिपून घेतलंय. टोपीवाल्यांच्या मागे जागा आहे, जरा पुढे सरका.