कुंपणाचा प्रकार : हे

आमचे दाजी गेल्या चैत्रापासून नगरपालिकेच्या दफ्तरी कुंपण आहेत.

यात नगरपालिकेची चूक काढता येणार नाही. अंगणांची मोजणी करायला एक बाई पाटबंधारे कॉलनीत आल्या होत्या. माझी थोरली बहीण शशीताई दारात शेंगा निवडत बसली होती. बाईंनी विचारलं, "अंगणाला कुंपण आहे का?"

ताई म्हणाली, "कुंपण कशाला पाहिजे? आमचे हे बसत्यात की दारात दिवसभर. हे असल्यावर कुत्रंसुद्धा आत येत न्हाई."

बाईंनी तसंच लिहून घेतलं. कुंपण : आहे. कुंपणाचा प्रकार : हे.

ताईने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा ती रडायला लागली आणि आमच्या आत्याने मध्ये पडून वेळ मारून नेली. दाजींना त्याची कायमची चुटपुट लागून राहिली. रिटायर झाल्यावर तर त्यांनी पिच्छाच पुरवला. "एकदा घे की नाव. मी गेल्यावर घेणार हायेस व्हय?" असं ते चहा पिता पिता विचारायचे. ताई पदर तोंडाला लावून आत निघून जायची. मला या दोघांचं हसू यायचं.

मग नगरपालिकेचा कागद आला. कुंपणाने आपली हद्द सोडू नये, सोडल्यास ते अतिक्रमण समजण्यात येईल, असं त्यात होतं. दाजी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सारी नोकरी त्यांनी कालव्याच्या कडेने चालत केली होती, आणि रिटायर झाल्यावरही सकाळी उठून ते कालव्यापर्यंत जाऊन यायचे. कागद आला त्या दिवशी त्यांनी तो दोनदा वाचला, चपला दारात काढून ठेवल्या, आणि अंगण संपून रस्ता सुरू होतो तिथे जाऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "दाजी, चुलीत घाला तो कागद."

"असं कसं पाव्हणं?" दाजी म्हणाले. "मी लोकांच्या पाण्याच्या मोटारी बंद केल्यात. ती लोकं बी रडायची. नियम म्हंजे नियम."

ते तिथेच जेवू लागले, तिथेच उभ्याने झोपू लागले. येणारे-जाणारे सुरुवातीला विचारपूस करायचे, नंतर कुणी छत्री अडकवून ठेवू लागलं. एकाने तर त्यांच्या खांद्यावर ओला टॉवेल वाळत घातला. मला संताप आला. ताईला घेऊन मी नगरपालिकेत गेलो.

उद्यान विभागाचे निरीक्षक पाटणकर साहेब फार सभ्य माणूस. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पंखा मोठा केला. मी म्हटलं, "साहेब, हे कुंपण नाही. हे माझे दाजी आहेत. त्यांचं नाव..."

"तुम्ही माहेरचे," साहेबांनी मला थांबवलं. "तुमचं सांगणं धरता येत नाही. ज्यांनी माहिती दिली त्यांनीच ती पुरी करायची. बाई, हे म्हणजे कोण?"

ताई खाली बघत बसली. बोटाला पदर गुंडाळत राहिली. मी तिला कोपराने ढोसलं. साहेब वाट बघत होते, टेबलाशी बसलेले कारकूनही वाट बघत होते. शेवटी ताई उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला आणि नाव घ्यायची जी एकच रीत तिला ठाऊक होती, त्या रीतीने म्हणाली,

"हिरव्या साडीला जरीचा काठ,
तुळशीरामरावांचं नाव घेते, सोडा आता त्यांची पाठ."

सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. एक बाई "परत एकदा!" असंही म्हणाल्या. ताई घामाने भिजली होती, पण तिचा चेहरा मी असा उजळलेला कधी पाहिला नव्हता. एवढी वर्षं अडलेलं सुटलं होतं, आणि तेही त्यांच्यासाठी.

साहेबांनी पेन उघडलं. "तुळस," ते लिहिता लिहिता म्हणाले. "फार बरं झालं तुम्ही आलात. प्रकार नुसता 'हे' होता तोवर आम्हाला उंचीची मर्यादा लावता येत नव्हती. तुळशीच्या कुंपणाला मर्यादा चार फूट. सध्या उंची किती आहे?"

"साडेपाच," ताई म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं.

मला कळलं. मी उठून उभा राहिलो. "साहेब, तो माणूस आहे!"

"असतील ना," साहेब शांतपणे म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतो? पण नोंद कुंपणाच्या रकान्यात आहे. माणसांची मोजणी वेगळी असते. ती निघाली की तेव्हा सांगा. तोवर वरचं दीड फूट तेवढं काढून घ्या. सोमवारी मी तपासायला येईन. तुमच्याकडून झालं नाही तर आमचं मशीन येईल, पण आमचं मशीन मोठ्या रस्त्यांसाठी आहे, ते फार बारकाईने बघत नाही. अंगण लहान आहे तुमचं. घरचं मशीन आणा, नीट होईल."

बाहेर आल्यावर ताई जिन्यावरच बसली. "मी नाव घेतलं म्हणून झालं व्हय रं दिगू?" तिने विचारलं.  खोटं बोलायला मला जड जातं आणि खरं बोलवत नव्हतं.

घरी येऊन आम्ही दाजींना सगळं सांगितलं. उंची कमी करण्याचे बिनखर्ची उपाय आधी करून पाहावेत असं ठरलं. दाजी बुटक्या स्टुलावर बसले, उंची साडेतीन फूट भरली. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले की बसलेलं कुंपण म्हणजे उन्मळलेलं कुंपण, ते पालिका उचलून नेते. मी विचारलं, आडवे पडले तर? साहेब म्हणाले की मग ते कुंपण राहत नाही, हिरवळ होते, आणि हिरवळीची मर्यादा तीन इंच आहे. दाजी घाईघाईने उठून उभे राहिले.

मग दुसऱ्या दिवशी मी आणि ताई बाजारपेठेत दोशीशेठच्या दुकानात गेलो. बागेची यंत्रं तालुक्यात त्यांच्याकडेच मिळतात. शेठनी आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "अंगण केवढं?"

"दोन बाजा मावतील एवढं," ताई म्हणाली.

"मग पेट्रोलचं अजिबात घेऊ नका. वजनदार असतं, हात भरून येतात, शिवाय शेजारी आवाजाची कुरकुर करतात. वायरचं स्वस्त, पण कापता कापता स्वतःचीच वायर कापून बसणारी गिऱ्हाइकं मी पाहिलीत. लहान अंगणाला बॅटरीचं. गवत कापायचंय का कुंपण छाटायचंय?"

"कुंपण," मी म्हटलं.

शेठनी एक मशीन काढलं. करवतीसारखी लांब पाती, दोन्ही बाजूंना दात. "हे वरून फिरवायचं. एका रेषेत माथा उडवतं, बघायला सुंदर दिसतं. देठ किती जाड आहे?"

ताईने दोन्ही हात पुढे केले आणि हवेत एक गोल धरला. मी तो गोल ओळखला. मी लहान असताना आमचे वडील गेले तेव्हा दाजींच्या गळ्यात हात टाकून ती तशीच रडली होती. शेठनी गोल पाहिला आणि मान हलवली. "एवढं जाड याने एका फेरीत होणार नाही. दोन-तीनदा फिरवावं लागेल."

ताईने हात खाली घेतले. "वरूनच छाटायला पाहिजे का?" तिने विचारलं. "खालून न्हाई का कमी करता येत?"

शेठ विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "कुंपण खालून कापलं तर त्याला तोड म्हणतात बाई, त्याला वेगळी परवानगी. पण एक आहे." त्यांनी दुसरं मशीन पुढे ओढलं. लांब दांडा, खाली चकती. "हे गवताचं. जमिनीलगत चालतं. याने जे कापाल ती गवतकापणी, तिला कुणाची परवानगी लागत नाही. चकतीतली नायलॉनची दोरी मात्र काढून टाका, दोरी कोवळ्या गवताला. लोखंडी पातं बसवून देतो."

"म्हणजे वरचं तसंच राहील?"

"वरचं तसंच राहील, फक्त खाली येईल."

दोन्ही मशीनं हातात धरून बघा, असं शेठ म्हणाले. मी एकेक उचललं. दोन्ही हलकी होती, पकड चांगली होती. ज्याला विचारून वस्तू घ्यावी, असं घरात जे माणूस असतं, ते आमच्या घरात दाजीच होते. पंखा घ्यायचा असो की पाण्याची टाकी, ते दुकानदाराला घाम फोडायचे. म्हणून आम्ही फोन लावला.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. बॅटरी किती चालते विचारलं, पातं कुठलं विचारलं. मग म्हणाले, "वरचंच घ्या. पाय ऱ्हाऊ द्या. डोक्याचा मला नोकरीत कधी उपयोग झाला न्हाई. पायांवर सगळा कालवा पालथा घातलाय."

ताईने माझ्या हातातून फोन घेतला. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी तिने आवाज कमी केला नाही. "डोकं नेल्यावर मी बोलायचं कुणाशी?" ती म्हणाली. "पायांशी बोलू का? सकाळी उठून मी कुणाचं तोंड बघायचं?"

 पलीकडून दाजी म्हणाले, "बरं. खालचं घे. वॉरंटी मागून घे."

आम्ही गवताचं मशीन घेतलं.

रविवारी सकाळी दाजींनी आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला. ताईने शिरा केला होता, तो त्यांनी दोनदा मागून खाल्ला. मग ते आपल्या जागेवर ताठ उभे राहिले आणि कालव्याच्या दिशेने बघत राहिले. ताईने त्यांचे दोन्ही हात धरले. मशीन मी चालवलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. शेठ म्हणाले होते तसंच ते हलकं होतं आणि आवाज फार करत नव्हतं. दाजींनी हूं की चूं केलं नाही. रडलो मीच, आणि डोळ्यांवरचा चष्मा धुरकटला म्हणून मला मध्येच थांबावं लागलं. "सरळ धरा पाव्हणं," दाजी वरून म्हणाले, "तिरकं झालं तर साहेब परत कापाय लावतील."

सरळ झालं. तळाला आम्ही माती लावली आणि ताईने तांब्याभर पाणी घातलं. आता त्यांचं तोंड ताईच्या कमरेला लागत होतं. ताई खाली वाकली आणि तिने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. आम्हा तिघांनाही वाटलं की निभावलं एकदाचं.

सोमवारी पाटणकर साहेब टेप घेऊन आले. चार फूट बरोबर भरले. साहेब खूश झाले. "इतकं स्वच्छ काम कॉलनीत कुणाचं नाही," ते म्हणाले.

"साहेब, चहा घेणार का?" दाजींनी विचारलं.

साहेब टेप गुंडाळता गुंडाळता थांबले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "हे बरं नाही," ते आमच्याकडे वळून म्हणाले. "आवाज करणारं कुंपण किडलेलं समजतात. या वेळी मी ऐकलं नाही असं धरतो. पुढे तक्रार आली तर मुळासकट काढावं लागेल. तुम्ही सांभाळा." चहा न घेताच ते गेले.

दाजी नियमाचे पक्के. त्या दिवसापासून ते बोललेले नाहीत. ताईने पुष्कळ प्रयत्न केले. रात्री रस्त्यावर चिटपाखरू नसताना त्यांच्या कानाशी बसून बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, मला बोलवून माझ्याकडून त्यांची थट्टा करवली. ते फक्त बघत राहतात. कालव्याकडे नाही, तिच्याकडे.

दारात त्यांच्या चपला अजून तशाच आहेत. मी एकदा म्हटलं की आत ठेवू या, तर ताईने माझ्याशी चार दिवस अबोला धरला. मशीनही कोपऱ्यात उभं आहे. अंगणातलं गवत मी महिन्यातून एकदा त्यानेच कापतो. शेठनी खोटं सांगितलं नव्हतं, लहान अंगणाला ते अगदी पुरेसं आहे.

ताई आता त्यांचं नाव घेते. कुंपणाचं नाव घ्यायला बाईमाणसाला कसली बंदी? सकाळी पाणी घालताना ती वाकून त्यांच्या तोंडाकडे बघते आणि कॉलनीला ऐकू जाईल अशी हाक मारते, "तुळशीराम, ओ तुळशीराम!" उखाणा नाही, राव नाही, नुसतं नाव. दाजी ओ देत नाहीत. पण ते हलतात, आणि तेव्हा वारा नसतो.