पूर्ण अधिकार की मधुकरराव

ज्या वस्तूवर मालकाचा पूर्ण अधिकार चालतो ती वस्तू धोकादायक असते, हे सत्य आता सर्वमान्य झाले आहे. मला ते उशिरा कळले, कारण माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आणि चौथीच्या पुस्तकात याच्या बरोबर उलटे लिहिले होते.

फोन माझा. नवा घेतला तेव्हा त्यात आधीपासूनच सात बिऱ्हाडं नांदत होती. पत्त्यांचा एक खेळ, दिल्लीचे हवामान, शेअरचे भाव, पावलं मोजणारा एक गृहस्थ (मी भाजी निवडत बसले तरी मोजायचा), आणि आणखी तिघे, ज्यांचा धंदा काय ते शेवटपर्यंत कळले नाही. त्यांना काढायला गेले तर फोन म्हणाला, आपणास हा अधिकार नाही. मला. जिने नणंदेच्या दिराला चौथ्या दिवशी डब्यासकट रामटेकच्या बसमध्ये बसवून दिले, तिला.

मी तडक सीताबर्डीला सौरवच्या दुकानात गेले. सौरव फोन दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईकाचे ऐकून घेतो. दोन्ही गुण एका माणसात क्वचित.

"सौरव, मले या फोनचा पूर्ण अधिकार पाहिजे. मी आपल्याच घरात भाडेकरी म्हणून राहत नाही."

"काकू, वॉरंटी जाईन."

"वॉरंटी तं नवऱ्याचीही नव्हती. काही अडलं काय?"

सौरवने फोन 'रूट' करून दिला. रूट म्हणजे फोनच्या तिजोरीची किल्ली. ज्याच्याकडे ती, तो आतल्या कोणालाही घराबाहेर काढू शकतो. किल्ली खरंच आपल्याकडे आहे का, हे तपासण्याचेही एक ॲप असते. बटण दाबायचे, चाक फिरते, आणि हिरव्या अक्षरांत येते : अभिनंदन, या उपकरणावर आपला पूर्ण अधिकार आहे. लग्न झाल्यापासून माझे अभिनंदन करणारी ही पहिलीच संस्था. म्हणून मी रोज देवापुढे दिवा लावला की एकदा तपासून घेत असे. अधिकार रात्रीतून कुठे जात नाही, हे मलाही कळते. पण अभिनंदन शिळे झालेले चांगले नसते.

सातही बिऱ्हाडं त्याच दिवशी गेली होती.

आता मधुकररावांचे. हे माझे यजमान, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला वर्षातून एकदा आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. न दिल्यास तो कार्यालयीन कामापुरता वारतो आणि पेन्शन थांबते. (घरी त्याला जेवायला वाढावे की नाही, याबद्दल नियम मौन आहेत.) दरवर्षी हे बँकेचा जिना चढून स्वतःला दाखवून येत. यंदा पाय प्लास्टरमध्ये. मला न विचारता गच्चीवरचा जुना कूलर खाली उतरवायला गेले होते. कूलर जागच्या जागी आहे.

सून रितिका म्हणाली, "आई, आता दाखला फोनवर होते. चेहरा दाखवायचा, बस. माझ्या फोनवर करू काय?"

सुनेच्या फोनवर नवरा जिवंत करून घ्यायची वेळ अजून माझ्यावर आलेली नव्हती. मी माझा फोन पुढे केला. दाखल्याचे ॲप उघडले, क्षणभर विचारात पडले आणि लाल अक्षरांत म्हणाले : या उपकरणावर पूर्ण अधिकार चालू असल्याचे आढळले आहे. सुरक्षेच्या कारणास्तव पुढे जाता येणार नाही.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी एक ॲप रोज सकाळी अभिनंदन करते, त्याच गोष्टीसाठी दुसरे दारातूनच हाकलते. कोणी अडाणी बाई असती तर चिडली असती. मी विचार केला, आणि दाखल्याच्या ॲपचे म्हणणे मला रास्त वाटले.

पुरावा म्हणून मी प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीची पाहणी केली. एकूण घरे अकरा. नऊ घरांत पूर्ण अधिकार आपल्याकडे असल्याचे पुरुषांनी सांगितले. (त्यांच्या बायका त्या वेळी हसत असल्याने त्यांचे म्हणणे नोंदवता आले नाही.) दहावे घर बंद होते. अकरावे आमचे. सर्व घरे सुरक्षित आहेत. घरातल्या माणसाचा अधिकार तपासण्याची पद्धतही सोपी आहे : त्याला घरातली एक जुनी वस्तू फेकून द्यायला सांगावे. वस्तू गेली तर अधिकार आहे. मधुकरराव सहा उन्हाळे कूलर फेकायचे म्हणत आहेत. म्हणूनच आमच्या घरावर आजवर कसले संकट आले नाही. पायाचे आले, ते अधिकार नसताना वापरल्यामुळे.

पण दाखल्याची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. सौरवला घरी बोलावले. त्याने फोन पाहिला, पलंगावरच्या मधुकररावांकडे पाहिलं, आणि डॉक्टर बाहेर येऊन बोलतात तसा हळू आवाजात म्हणाला, "काकू, दोन्ही नाही होत. अधिकार ठेवायचा का काका ठेवायचे, ते सांगा."

"थांब जरा. विचार करू दे."

पलंगावरून आवाज आला, "विचार काहून करून राहिली वं?"

"तुम्ही पडून राहा. तुमचा विषय अजून निघाला नाही."

"माह्याच जिवाचा विषय आहे ना तो?"

"आहे ना. म्हणून तं वेळ लागून राहिला."

रितिका पदर नसल्यामुळे ओढणी तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

मी चहाचा घोट घेतला, कपात होता तेवढा संपवला आणि म्हटले, "काढ." बाई माणसाने नवऱ्यासाठी काय काय सोडले याच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांत या एका शब्दाची भर घालावी, अशी माझी अपेक्षा नाही. नोंद असावी, इतकेच.

काम झाल्यावर तपासणी केली. चाक फिरले. क्षमस्व, या उपकरणावर आपला अधिकार आढळला नाही. सातही बिऱ्हाडं सामानासकट परत आलेली होती. पत्त्यांच्या खेळाने तर ओसरीच धरली होती. दाखल्याच्या ॲपने मात्र आता माझे आगतस्वागत केले.

फोन मधुकररावांच्या तोंडासमोर धरला. आतून बाईचा आवाज आला, कृपया पापणी मिचकवा. मधुकरराव बघत राहिले. व्यक्ती हयात असल्याचे आढळले नाही. पुन्हा धरला. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तेच बघणे. प्रयत्न शेवटचा उरला. रितिकाचा चेहरा उतरला, सौरव देवाचे नाव घेऊ लागला. तेव्हा माझ्या लक्षात आले की हे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटले, "मिचकवा."

त्यांनी मिचकवली. हिरवी खूण आली. हयात.

फोनवरचा अधिकार गेला, याचे मला त्या क्षणापासून काही वाटलेले नाही. मधुकरराव आता दिवसभर त्यात पत्ते खेळतात. कूलर गच्चीवर आहे.

वाचकांनी यात हसण्यासारखे काही शोधू नये. पापणीचा विषय निघाल्यापासून तुमची पापणी एकदा तरी लवली आहे, आणि आता हे वाचून पुन्हा. कोणाच्या सांगण्यावरून लवली, ते ज्याचे त्याने बघावे. घाबरण्याचे कारण नाही. आपण हयात आहात. आपल्यावर आपला अधिकार आढळला नाही. पुढे जाता येईल.