दोन्ही हातांवर केक

केक तिरका होता कामा नये, केक उन्हात राहता कामा नये आणि केक घेऊन पार्के सेंत्रालच्या बागेत पाऊल टाकता कामा नये, अशा तीन सूचना सोराइदाने नवऱ्याला दारातच दिल्या होत्या. तिसरी तिने दोनदा दिली. एवेलियो बारोसो हा बसच्या कारखान्यातून निवृत्त झालेला सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ. सूचना पाळण्याबद्दल त्याची फारशी ख्याती नव्हती, पण त्या दिवशी प्रकरण नातीचं होतं, म्हणून त्याने चारही वेळा मान हलवली.

नातीला, यानेलिसला, त्या दिवशी पंधरा वर्षं पूर्ण होत होती. मुलीची पंधरावी केकशिवाय करणाऱ्या घराला हवानाच्या कुठल्याच गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि केक म्हणजे अंडी. अंडी काही मनात आलं की मिळत नाहीत. तेव्हा इमारतीतल्या अकरा घरांनी कुठे एक, कुठे दोन अशी अंडी दिली होती, आणि आपलं अंडं मार्गी लागलं की नाही हे पाहायला ती अकराही घरं पाच वाजता हजर होणार होती.

लेआल्ताद गल्लीतल्या कारिदादने केक झकास केला होता. दोन मजली, वर अंड्याच्या फेसाचा गुलाबी थर आणि कडेने पंधरा गुलाब. खोकं नव्हतं. खोकं असतं कोणाकडे? तिने तो पुठ्ठ्यावर ठेवला, पुठ्ठा एवेलियोच्या दोन्ही हातांवर ठेवला आणि दार उघडून धरलं. रस्त्यात माणसं बाजूला होत होती. "सावकाश, आजोबा!" "पंधरावी वाटतं? देव भलं करो!" एका टॅक्सीवाल्याने तर गाडी मधोमध थांबवून त्याला वाट दिली. एवेलियोला आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता.

आता सांगा, यात त्याचा काय दोष? दुपारचे दोन वाजलेले, आनिमास गल्लीत सावलीचा पत्ता नाही, आणि गुलाबांना घाम फुटायला लागलेला. सावली होती ती एकाच ठिकाणी, पार्के सेंत्रालच्या झाडांखाली. म्हणजे दुसरी सूचना पाळायची तर तिसरी मोडणं भाग होतं. अशा सूचना देणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, पाळणाऱ्याला मात्र सगळे विचारतात. एवेलियोने ठरवलं की मान खाली घालायची, इकडेतिकडे बघायचं नाही आणि सरळ पलीकडे निघून जायचं.

त्या झाडांखालच्या एका कोपऱ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस पुरुष बेसबॉलवर भांडत उभे असतात. नव्या माणसाला वाटतं की आता खून पडणार. तसं काही होत नाही, आणि निकालही लागत नाही. सर्व काळातला सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा तिथला कायमचा विषय. अमेरिकेतल्या बेब रूथला तिथे कोणी वाईट म्हणत नाही, पण तो कोणाच्याच गावचा नसल्यामुळे त्याच्यासाठी कोणी घसा कोरडा करत नाही. एवेलियो पिनार देल रियोचा, तेव्हा त्याच्या मते सर्वांत मोठा ओमार लिनारेस. आर्सेनियो हा गणिताचा निवृत्त मास्तर मातान्सासचा, तेव्हा त्याच्या मते मार्तिन दिईगो. हे अकरा वर्षं चाललं होतं.

एवेलियो मान खाली घालून निम्मा पार्क ओलांडून गेला होता, तेवढ्यात मास्तरचा आवाज आला.

"लिनारेस? लिनारेस चांगला होता की. आमच्या दिईगोची बॅट उचलून द्यायला अगदी चांगला होता!"

तुम्ही थांबला नसतात?

"ए मास्तर! परत बोल!"

"अरे, एवेलियो! मला वाटलं आज सुट्टी. केक कोणाचा?"

"नातीचा. विषय बदलू नकोस. चारशे चार होमरन मारलेत त्याने! चारशे चार! ते काय दुसऱ्याची बॅट उचलता उचलता मारले?"

बोल चोख होते, पण पार फुसके निघाले. चारशे चार म्हणताना उजवा हात झाडाच्या शेंड्यापलीकडे जायला हवा, म्हणजे बॉल कुठवर गेला ते ऐकणाऱ्याला दिसतं. एवेलियोचे दोन्ही हात पुठ्ठ्याखाली होते. तो नुसताच टाचा उंचावून खाली आला. मंडळी खो खो हसली.

"आजोबा, ऐकू येत नाही!" बार्बारो ओरडला. हा हवानाच्या संघाचा निळा सदरा घालून फिरणारा, दाराएवढा रुंद माणूस. "जरा हात हलवून बोला!"

एवेलियोची कानशिलं तापली. बाकं भरलेली, कठड्यावर कुत्रं झोपलेलं, केक ठेवायचा कुठे? तो सरळ मास्तरसमोर गेला.

"एक मिनिट धर."

पंधरावीचा केक धरायला नाही म्हणणारा माणूस हवानात अजून जन्मायचा आहे. मास्तरने दोन्ही हात पुढे केले.

मग एवेलियोने लिनारेस दाखवला. तिसऱ्या बेसवरून झेपावणारा लिनारेस, बॅट फिरवणारा लिनारेस, बाहेरच्या देशांनी पैशांच्या राशी दाखवल्या तेव्हा हाताने नको म्हणणारा लिनारेस. मास्तरने तोंड उघडलं. "पण एकोणीसशे अडतीस साली..." इथे त्याचं बोट वर जायचं. बोट पुठ्ठ्याखाली होतं. वर्षानुवर्षं फळ्यावर आकडे मोजून दाखवलेल्या माणसाला बोटाशिवाय आकडा सांगता येईना. त्याने एकदा केककडे पाहिलं, एकदा एवेलियोकडे, आणि तोंड मिटलं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा एवेलियो जिंकला.

हा विजय चार मिनिटं टिकला. मास्तर काही मूर्ख नव्हता. आपण का हरलो हे ध्यानात येताच तो बार्बारोकडे वळला, "बाळा, जरा धर रे," म्हणाला, आणि हात मोकळे होताच त्याने अडतीस साल असं काही उभं केलं की ऐकणाऱ्यांतल्या दोघांनी टोप्या काढल्या. बार्बारोला मध्येच हवानाचा एक खेळाडू आठवला होता, पण त्याच्या हातांवर केक होता. त्याचा चेहरा फुगला, लाल झाला, शब्द काही बाहेर आला नाही.

झालं. युक्ती सगळ्यांना कळली. जो नको तिथे तोंड घालेल त्याच्या हातांवर केक. पुढच्या अर्ध्या तासात त्याचा रिवाजच झाला. आपलं बोलून झालं की केक धरायचा, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं, मग पुढच्याला द्यायचा. ज्या कोपऱ्यात एका वेळी चाळीस जण बोलत तिथे एक बोलू लागला आणि एकोणचाळीस ऐकू लागले. काहींना तर समोरच्याचं म्हणणं पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्यामुळे ते आणखी चिडत होते.

"अरे, हा केक माझा आहे!" एवेलियो मधूनमधून ओरडत होता. "द्या इकडे! पाच वाजता पोचायचंय मला!"

दोनदा तो त्याच्या हाती आलाही. पहिल्यांदा निघताना मागून कोणीतरी म्हणालं, "लिनारेस धावायला जरा जड होता." दुसऱ्यांदा तो पार रस्त्यापर्यंत पोचला होता, तेव्हा म्हणालं, "नाही, जड नव्हता. आळशी होता." धडधाकट माणसाने हे ऐकून घ्यायचं आणि केक घेऊन घरी जायचं? एवेलियो दोन्ही वेळा तणतणत परत आला.

पाचला पोलीस आला. एरवी त्या कोपऱ्यात कितीही आरडाओरडा झाला तरी पोलीस ढुंकून बघत नसत. त्या दिवशी साठेक माणसं गुपचूप उभी राहून एकाचं ऐकताहेत हे पाहून त्याला संशय आला.

"काय चाललंय? आणि हा केक कोणाचा?"

"माझा, साहेब!" एवेलियो पुढे सरसावला. "माझ्या नातीचा! हे लोक मला..."

"साहेब, तुम्ही कुठले?" मास्तरने मध्येच विचारलं.

"सांतियागोचा. त्याचं काय?"

"मग तुमच्या मते किंदेलान मोठा असणार."

"असणार म्हणजे?" पोलीस ताठ झाला. "आहेच! त्याच्यासारखा बॉल ठोकणारा या देशात... तुम्ही हसताय कशाला?"

"नाही, नाही. बोला की. बोलून झालं की हा धरा."

तो पाच मिनिटं बोलला. चांगलं बोलला, हे कबूल केलं पाहिजे. आणि मग गणवेश, टोपी, शिट्टी यांसकट दोन्ही हातांवर गुलाबी केक घेऊन तो झाडाखाली उभा राहिला, आणि मास्तर किंदेलानची सालटी काढत असताना नुसताच दात खात राहिला.

सोराइदा आली ती अशा वेळी. केसांत रोलर, पायांत घरातल्या सपाता, चेहरा असा की साठ माणसांनी न सांगता वाट करून दिली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. ती पोलिसासमोर गेली आणि गुलाब मोजू लागली.

"चौदा," ती म्हणाली.

बार्बारोने सावकाश मिशीवरून हात फिरवला. हाताला गुलाबी लागलं.

"अकरा घरांची अंडी आहेत यात!" सोराइदाने केक पोलिसाच्या हातांतून काढून घेतला. "अकरा घरांची! माणसं येऊन बसलीत. पोरगी सकाळपासून नटून खिडकीत उभी आहे. शेवटी विचारते, 'आजी, आजोबांना काही झालं तर नसेल ना?' रडायला लागली ती! आणि आजोबा इथे!"

एवेलियोला खिडकीतली पोरगी डोळ्यांसमोर दिसली. लाज वाटली की तो एरवीही जरा मोठ्यानेच बोलत असे.

"सोराइदा, ऐकून तरी घे. मी निघालोच होतो. दोनदा निघालो! यांनी लिनारेसला आळशी म्हटलं!"

"मावशी," बार्बारो गडबडीने म्हणाला, कारण मिशीवरून विषय हलवणं त्याला निकडीचं होतं, "आता तुम्हीच काय ते सांगून टाका. सर्वांत मोठा कोण?"

असा प्रश्न त्या कोपऱ्यात आजवर कोणी कुठल्या बाईला विचारला नव्हता. सोराइदाने तोंड उघडलं. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं. हातांवर केक होता. ती नवऱ्याकडे वळली.

"धर."

एवेलियोने धरला.

"दिईगो," सोराइदा म्हणाली.

"काय?" एवेलियोचा आवाज चिरकला. "एक्केचाळीस वर्षं! एक्केचाळीस वर्षं पिनारच्या माणसाशी संसार करून तू..."

"लग्न केलं होतं. मत दिलं नव्हतं. विचारलंस कधी? तू इथे येऊन बडबडत असतोस तेव्हा घरी रेडिओवर सामने कोण ऐकतं? माझ्या बाबांनी पाहिला होता दिईगोला. सांगताना डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या." आता तिचे दोन्ही हात वर गेले, आणि ते हात पाहून साठ जाणकारांना कळलं की इतकी वर्षं आपल्या कोपऱ्यात काय कमी होतं. "तुझा लिनारेस तिसऱ्या बेसवर मोठा, मान्य. पण दिईगो बॉल टाकायचा, बॉल धरायचा, बॅट चालवायचा, लांब मैदानात धावायचा, वर संघही सांभाळायचा. नऊच्या नऊ जागा! एकही जागा त्याने 'हे माझं काम नाही' म्हणून सोडली नाही. मी आज पहाटेपासून अंडी गोळा केली, पोरीचा झगा आवळला, अकरा घरांतून खुर्च्या ओढून आणल्या, पाणी भरलं. नऊ जागा मी सांभाळल्या, एवेलियो! तुला एक दिली होती. एक! केक घेऊन सरळ चालत यायचं!"

एवेलियोकडे उत्तर होतं. जोरदार उत्तर होतं. पण त्याला दोन्ही हात लागणार होते.

"बरोबर!" मास्तर आनंदाने ओरडला. "अगदी हेच मी अकरा वर्षं..."

"तू गप्प बस! अकरा वर्षं दिईगोची बाजू घेतोस आणि एकदा तरी ती धड मांडलीस? आणि ते अडतीस साल मेक्सिकोतलं. तू दर वेळी असं सांगतोस जसं काही ते इथेच झालं. चल रे!"

हे शेवटचं नवऱ्याला होतं. तो निघाला. मागे पोलिसाने, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, टोपी काढली.

वियेगास गल्लीपर्यंतच्या सगळ्या वाटेवर सोराइदा बोलत होती. दोन्ही हातांनी बोलत होती. बाबांनी पाहिलेला सामना तिने पहिल्यापासून सांगितला, मग लिनारेसच्या एका मोसमाचे असे काही वाभाडे काढले की समोरून येणारी माणसं थांबून ऐकू लागली. एवेलियो केक सरळ धरून शेजारून चालत होता. दोन वेळा त्याने तोंड उघडलं. दोन्ही वेळा केक जरासा तिरका झाला, आणि त्याने तोंड मिटलं.

जिन्यावर अकरा घरांची माणसं ताटकळत उभी होती. पुसलेल्या डोळ्यांनी यानेलिस धावत खाली आली, आजोबा धडधाकट आहेत हे पाहून हसली आणि तिने केक घ्यायला दोन्ही हात पुढे केले. एवेलियोच्या जिवात जीव आला. त्याने पुठ्ठा तिच्याकडे सरकवला.

"थांब, घेऊ नकोस," सोराइदा म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."