कडी व्यवस्थापन खर्चात येते

साहेब संडासात गेले आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला, तेव्हा ताईंनी हातातला कप बशीसकट खाली ठेवला.

त्या संडासाची कडी लावायची नसते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. एकदा लागली की ती उघडत नसे. म्हणून दार नुसतं लोटायचं आणि आत असेपर्यंत गाणं म्हणायचं, अशी तिथली रीत होती. हिशेब बघणारे मामा गाण्याऐवजी पाढे म्हणत. ते सत्तावीसच्या पुढे गेले की लोक काळजी करायला लागत.

"कुणी सांगितलं नाही त्यांना?" ताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना," संस्थेची तरुण वकीलबाई म्हणाली, "आज ऑफिसच्या हालांचं रडगाणं कुणी गायचं नाही म्हणून."

ते खरं होतं. ताईंची संस्था विनाकारण डांबलेल्या माणसांना कोठडीतून सोडवायची. संप केला म्हणून आत टाकलेल्या बाजारातल्या हमालांची पुढच्या आठवड्यात सुनावणी होती, आणि तोवर ऑफिसलाच टाळं लागू नये म्हणून साहेबांच्या फाउंडेशनचं अनुदान हवं होतं. फाउंडेशनचा नियम एकच. पैसा प्रत्यक्ष कार्यावर, ऑफिसवर एक छदाम नाही. प्रत्यक्ष कार्य म्हणजे प्रशिक्षण. त्यामुळे संस्थेकडे प्रशिक्षणाच्या पिशव्या, प्रशिक्षणाची पेनं आणि प्रशिक्षणाच्या टोप्या कपाटं भरभरून होत्या. धड कडी नव्हती.

"अहो, हे उघडत नाहीये!" आतून साहेब ओरडले.

"जरा ओढून बघा, साहेब."

"ओढलं."

"मग ढकला."

"तेही केलं!"

तोवर वकीलबाई स्टूल ओढून दारापाशी बसली होती. हातात वही होती. "तुम्हाला आत ठेवण्याचं कारण सांगण्यात आलंय का?"

"काय?"

"घरच्यांना कळवलंय?"

"बायकोला अजिबात कळवू नका!"

"म्हणजे हा हक्क तुम्ही स्वतःहून सोडताय. पाणी मिळतंय?"

"पाणीच पाणी आहे इथे!"

"अगं, काय हा चावटपणा?" ताई दात आवळून म्हणाल्या.

"सवय आहे, ताई. बंद दारामागे माणूस दिसला की माझा हात आपोआप चालतो."

ताई मामांकडे वळल्या. "मामा, कुलूपवाल्याला बोलवा."

मामांनी चष्मा नाकावर चढवला. "कोणत्या खात्यातून?"

"कोणत्याही!"

"कडी व्यवस्थापन खर्चात येते. त्या खात्यात साहेबांनीच शून्य ठेवलंय."

"माझ्या पाकिटातून घ्या!" आतून आवाज आला.

"पाकीट तुमच्या कोटात आहे, साहेब, आणि कोट खुर्चीवर. दात्याच्या खिशात संस्थेच्या माणसाने हात घालायचा नाही, हा तुमच्याच नियमावलीतला पहिला नियम."

मग साहेबांचा आवाज आला, पण एकदम मवाळ. "प्रस्तावाचा कागद सरकवा आत. हवा तसा खर्च करा, कडीवर करा, पगारावर करा, वकिलावर करा. सही करतो. फक्त मला बाहेर काढा."

ताईंना स्वर्ग दोन बोटं उरला. मामांनी दाराखालून कागद आणि पेन सरकवलं. "पेन प्रशिक्षणाचं आहे, परत द्या."

दोन्ही परत आली. कागद किंचित ओला होता, पण सही ठसठशीत. ताईंनी तो छातीशी धरला. वकीलबाईने तो अलगद काढून घेतला आणि टराटरा फाडला.

"अगं ए भवाने!"

"कोठडीत घेतलेली सही आहे ती, ताई. आधी सही कर, मग सोडतो. आपण कोर्टात रोज कशाविरुद्ध बोंबलतो? हमालांच्या जबाबांबद्दल मी कोणत्या तोंडाने बोलू?"

"हमालांना मारून सह्या घेतल्यात! साहेबांना आपण चहा पाजलाय!"

"दोनदा," मामा म्हणाले. "आणि चहाही प्रशिक्षणाचा."

रडावं की वकीलबाईलाही आत कोंडावं, हे ताईंना कळेना. सगळ्यात चीड याची होती, की पोरगी बरोबर बोलत होती.

शेवटी शेजारचा दंतवैद्य आला. त्याच्याकडे अवजारं होती आणि पेशंट नव्हते. त्याने टॉर्च मारून कडी निरखली. "मुळापासून काढावी लागेल."

"दुखेल का?" आतून साहेबांनी विचारलं.

बराच वेळ घर्रघर्र झाल्यावर कडी, चार स्क्रू आणि दाराचा मुठीएवढा तुकडा ट्रेमध्ये पडला. साहेब घामाने निथळत बाहेर आले, खुर्चीत कोसळले आणि ग्लासामागून ग्लास पाणी प्यायले. ताईंनी प्रस्तावाची नवी प्रत पुढे केली.

"आता मी मोकळा आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"पूर्णपणे," वकीलबाई म्हणाली.

"मग मोकळेपणाने सांगतो. ऑफिसवर एक छदाम नाही. टोप्या हव्या असतील तर कळवा."

ताईंनी वकीलबाईकडे पाहिलं. नुसतं पाहणं हा गुन्हा नसतो, म्हणून त्या वाचल्या.

साहेबांनी कोट चढवला, बाहेरच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. दोन कप चहा आणि ते सगळं पाणी आता आपापलं म्हणणं मांडायला लागलं होतं. घर लांब होतं. साहेबांनी वळून संडासाकडे पाहिलं. कडीच्या जागी आता भोक होतं, आणि भोकातून आतलं सगळं ऐसपैस दिसत होतं. दार तर आपोआप उघडत होतं.

"हे लागत नाही?"

"नाही, साहेब."

"मग नवी कडी लावून घ्या ना!"

मामांनी चष्मा काढून पुसला. "व्यवस्थापन खर्च."

साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर आले. मग पुन्हा पहिल्यावर. "कागद आणा."

सही होणार, एवढ्यात वकीलबाईने कागदावर हात ठेवला. "एक मिनिट. तुम्हाला कुणी भाग पाडलंय का?"

"पाडलंय!" साहेब दातओठ खात म्हणाले. "पण तुमच्यापैकी कुणी नाही!"

वकीलबाईने यावर विचार केला. सगळ्या बाजूंनी, सावकाश केला. मग हात उचलला.

सही करून साहेब आत पळाले. ताईंनी भोकात प्रशिक्षणाची टोपी कोंबली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "साहेब, इथे गाणं म्हणायची रीत आहे!"

मग फाउंडेशनच्या अध्यक्षांनी बारीक आवाजात एक अंगाई धरली.

मामा मान डोलावत ऐकत राहिले. "सूर बरा आहे," ते म्हणाले. "पण पेन घेऊन गेले."