मोन्तेस्पीनोच्या नाट्यगृहाचं छत

शेजारच्या गावात नाट्यगृह उभं राहिलं की आपल्या गावाला कलेची ओढ लागते, हा मानवी प्रगतीचा मूलभूत नियम आहे. इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या मोन्तेस्पीनोला ही ओढ १८६४ च्या मार्चमध्ये लागली. दरीतल्या गावानं फेब्रुवारीत उद्घाटन उरकलं होतं.

गावातली सव्वीस प्रतिष्ठित घराणी एकत्र आली (याआधी ती कॉलऱ्याच्या साथीत एकत्र आली होती, पळून जाताना) आणि सज्जाधारक मंडळ स्थापन झालं. दर घराण्याच्या मालकीचा एक सज्जा. बांधकामासाठी बोलोन्यात शिकलेला एवारिस्तो नावाचा तरुण इंजिनिअर नेमला. लोक नाट्यगृहात नाटक बघायला येतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. शिक्षणातले असे दोष अनुभवानंच जातात.

पहिला नकाशा पसरल्यावर अध्यक्षांच्या पत्नी, काउंटेस बेरेनिचे, चष्मा लावून वाकल्या.

"आमच्या सज्ज्यातून नोटरीणबाईंचा सज्जा दिसतो ना?"

"नाही बाईसाहेब. पण रंगमंच अगदी समोर येतो."

"मग तीन तास तिथं बसून मी करू काय?"

बोलोन्यात हा प्रश्न परीक्षेला आला नव्हता.

दुसऱ्या नकाशात सज्ज्यांनी एकमेकांकडे तोंडं वळवली. तिसऱ्यात सज्ज्यांच्या घोड्याच्या नालेसारख्या रांगेची जवळजवळ बांगडी झाली. सगळ्यांना सगळे दिसू लागले आणि रंगमंचाची रुंदी अकरा पावलांवरून सहावर आली. मधला, मानाचा सज्जा सव्वीसही घराण्यांना हवा होता. भूमिती ऐकेना (ती गावची नव्हती). शेवटी तो राजासाठी राखून ठेवला. राजा येणार नव्हताच, त्यामुळे मान कुणालाच मिळाला नाही आणि सगळ्यांना शांत झोप लागली. सामाजिक समता याच्या पुढे सहसा जात नाही.

नटांच्या खोल्यांत स्वयंपाकघर आलं, कारण पहिल्या अंकानंतर तळलेले भरले ऑलिव्ह गरमच मिळायला हवेत. नटांनी समोरच्या मेणबत्तीवाल्याकडे कपडे बदलावेत आणि पाऊस असल्यास पळत यावं, असा ठराव झाला. चांभार-सुतारांनी बसायच्या वरच्या माळ्याला मागच्या गल्लीतून वेगळा जिना दिला. कलेपुढे सगळे समान, पण जिन्यात गाठ पडायला नको.

एवारिस्तो सगळ्याला हो म्हणाला. अडला फक्त छतापाशी. गवंडी नात्सारेनोला घेऊन त्यानं नदीकाठचे बोरू कापून आणले, फोडले, चटया विणल्या, लाकडी कमानींखाली टांगल्या आणि खालून बोटभर गिलावा दिला. मंडळाला तिथं सव्वीस घराण्यांची दगडी मानचिन्हं हवी होती.

"दगड लटकवायचे तर दुसरा इंजिनिअर बघा," एवारिस्तो म्हणाला. उद्घाटन तोंडावर आलं होतं, म्हणून मंडळानं नाक मुरडून मान डोलावली.

उद्घाटनाला एवारिस्तोला सज्ज्यात जागा नव्हती. तो माळ्यावर नात्सारेनोशेजारी बसला. गायिकेनं पहिला सूर लावला. तो छताला जाऊन भिडला आणि प्रत्येकाच्या कानाशी वेगळा उतरला, जणू बाई शेजारी उभ्या राहूनच गात होत्या. नात्सारेनोनं टोपी काढली.

"साहेब, हे आपण केलं?"

एवारिस्तोनंही टोपी काढली. त्याच्या आयुष्यातली ती सर्वोत्तम घटका, आणि ती पुरी भरलीच नाही. कारण खाली काउंटेस बेरेनिचे नवऱ्याच्या कानाशी कुजबुजल्या, "अहो, नोटरीणबाईंची कवळी पाहिलीत? वरची माणसाची, खालची घोड्याची."

छताला घराणी कळत नसत. त्यानं हेही वाक्य तितक्याच निगुतीनं सगळीकडे पोचवलं, राजाच्या रिकाम्या सज्ज्यातसुद्धा.

नोटरीणबाई तितक्याच हळू म्हणाल्या, "दात खोटे असतील. पोरं तर नवऱ्याचीच आहेत ना माझी!"

माळ्यावरून टाळ्यांचा कडकडाट झाला. नाट्यगृहाच्या इतिहासातल्या त्या पहिल्या टाळ्या.

दुसऱ्या दिवशी मंडळानं छतात 'ध्वनीचा अतिरेक' हा दोष नोंदवला आणि वरून चार गाड्या मेंढीची लोकर ठासायचा हुकूम काढला.

"अहो इंजिनिअर, आमचं बोलणं आमच्यापुरतं राहायला हवं," अध्यक्षांनी समजावलं.

"आणि गाणं?"

"गाणं काय, कुठं पळून जातंय?"

परका माणूस बोरू तुडवील, म्हणून एवारिस्तो स्वतःच वर चढला. दोन दिवस तो आणि नात्सारेनो लोकर दाबत राहिले, एकमेकांकडे न बघता. शेवटची मूठ बसल्यावर नात्सारेनोनं खाली हाक मारून पाहिली. काही परत आलं नाही. एवारिस्तोनं पुढं आयुष्यभर फक्त तुरुंग बांधले. तिथं नकाशा बदलत नाहीत, कारण आत बसणाऱ्यांचं मत विचारत नाहीत.

नाट्यगृह आजही उभं आहे. आजवर खेळ अडतीस, मंडळाच्या सभा सहाशे अकरा. उद्घाटनाचा अकरा पानी अधिकृत वृत्तान्तही जपून ठेवला आहे. कुणी कुठल्या सज्ज्यात बसलं, कुणी कुणाला आधी नमस्कार केला, कुणाची लेस कुठल्या शहरातली, सगळं त्यात आहे. त्या दिवशी रंगमंचावर खेळ कुठला होता आणि गाणारी बाई कोण होती, हे मात्र नाही. लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपणही इथवर सगळं लक्ष देऊन वाचलंत, आणि एकदाही विचारलं नाहीत.