मोकळी सकाळ आणि अंड्यांचा पॅन

मानवजातीची सगळी प्रगती म्हणजे आजचं काम कालच उरकून टाकण्याचा इतिहास आहे. (आजचं काम उद्यावर ढकलणारेही असतात. त्यांना आमच्या गावात ‘पलीकडच्या चर्चचे लोक’ म्हणतात.) तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे जगात सगळ्यांनाच कळतं; पण हे तत्त्व अंड्यांना लावून दाखवलं ते आमच्या मिनेसोटातल्या बायकांनी. त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. आम्ही मानत नाही, कारण आभार मानले की त्या ओशाळतात, आणि मग आम्हीही ओशाळतो.

कृती अगदी सोपी आहे. शिळ्या पावाचे तुकडे मोठ्या चौकोनी पॅनमध्ये पसरायचे. त्यावर परतलेलं सॉसेज, त्यावर किसलेलं चीज. अंडी दुधात फेटून, चिमूटभर मोहरीची पूड घालून, वरून ओतायची. पॅन झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा, सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचा आणि मोकळं व्हायचं. घरचे असोत, पाहुणे असोत की अख्खं चर्च असो, सगळ्यांना पुरतं. अंडी किती घ्यायची ते शेवटी सांगतो.

आमच्या चर्चच्या तळघरात या विषयावर रीतसर ‘मोकळी सकाळ समिती’ आहे. माझी बायको आर्डिस तिची अध्यक्ष. समितीने पॅनचं माप ठरवलं, पॅनच्या बुडाला चिकटपट्टीवर आडनाव लिहिण्याची सक्ती केली आणि मग गावातल्या बायकांची पाहणी केली. पॅनमुळे दर घरामागे सकाळचा पाऊण तास वाचतो, असं त्यात सिद्ध झालं. वाचलेल्या वेळाचं काय करता, या प्रश्नाला सर्वाधिक बायकांनी ‘ओव्हनकडे बघत बसते’ असं उत्तर दिलं. त्याखालोखाल ‘दुसरा पॅन भरते’. एकीने ‘रडते’ असं सांगितलं होतं; ते ‘इतर’ या सदरात घेतलं.

पॅनमधला शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणी घेत नाही. हा लेखी नियम नाही, म्हणूनच तो पाळला जातो. येणारा प्रत्येकजण त्यातला अर्धा कापून घेतो आणि अर्धा पुढच्यासाठी ठेवतो. दुपारपर्यंत पॅनच्या कोपऱ्यात नखाएवढा तुकडा उरतो आणि त्याच्या आसपास पाचसहा माणसं पोट भरल्याचं सांगत उभी असतात.

यंदा ईस्टरला आमचा मुलगा रॉस तीन वर्षांनी घरी येणार होता. आर्डिसला बाकी काही नको होतं. फक्त एक सकाळ त्याच्याजवळ निवांत बसायचं होतं.

“या खेपेला मी स्टोव्हला हातसुद्धा लावणार नाही,” ती मला म्हणाली. “नुसती बसणार आहे त्याच्यासमोर.”

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. रॉस शाळेत असताना आर्डिस रोज सकाळी स्टोव्हपाशी अंडी तळायची आणि तो फ्रीजला टेकून उभा राहायचा. तिची त्याच्याकडे पाठ असायची. त्या पाठीला त्याने सगळं सांगितलंय. गणितात नापास झाला ते, ट्रॅक्टर खड्ड्यात घातला ते, शेती करायची नाही म्हणाला तेही. आर्डिस वळायची नाही. “बरं. एक की दोन?” एवढंच विचारायची. त्याच मुलाला टेबलाशी समोर बसवलं की तो हवामानावर बोलायचा. (यात त्याचा दोष नाही. आमच्या घराण्यात तीन पिढ्या पुरुष हवामानावरच बोलत आले आहेत.)

पण प्रगतीच्या आड जुन्या गोष्टी येऊ देऊ नयेत. शनिवारी आर्डिसने पॅन भरला. टेबल मांडलं, कपात चमचे ठेवले, नातींच्या बशांवर चॉकलेटचे ससे बसवले. रॉस संध्याकाळी आला. बरोबर टेसा आणि मॅडी, त्याच्या दोन्ही मुली. सूनबाई नव्हती.

“जॅनेल नाही आली?” आर्डिस म्हणाली.

“तिला काम आहे.”

“काम असणारच,” मी म्हणालो, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो विषय अदबीने मिटवला. आमच्याकडे पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारायचं ते फक्त कॉफीसाठी.

ईस्टरची सकाळ ठरल्याप्रमाणे मोकळी उजाडली. पॅन ओव्हनमध्ये होता. आर्डिस केस विंचरून, हात मांडीवर ठेवून टेबलाशी बसली होती. मी तिला इतकं रिकामं आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

रॉस खाली आला आणि सवयीने फ्रीजला जाऊन टेकला. समोर स्टोव्ह थंड होता. त्याने स्टोव्हकडे पाहिलं, मग आईकडे.

“काही करू का, आई?”

“काही नको रे. सगळं कालच झालंय. ये, बस. बोल.”

तो बसला. समोरासमोर.

“वारं सुटलंय,” तो म्हणाला.

“हो ना,” आर्डिस म्हणाली.

“दुपारनंतर पाऊस असेल,” मी माझा वाटा उचलला.

मग तो उठून पुन्हा फ्रीजपाशी गेला. “आई, एक सांगू का...” असं काहीसं म्हणालाही. तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजली, मुली धावत आल्या आणि न्याहारी अत्यंत यशस्वी झाली. पाऊस यायच्या आत पोचायला हवं म्हणून ते चर्चहून परस्परच निघाले. उरलेल्या निम्म्या पॅनवर झाकण लावून आर्डिसने तो गाडीत ठेवला. मुलाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, एवढं एक काम सकाळीच करावं लागतं.

बुधवारी रॉसचा फोन आला. पॅन टपालाने पाठवू का, असं विचारायला. आर्डिसने मलाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला होता. राहू दे, पुढच्या वेळी आण, असं ती म्हणाली. मग त्याने सांगितलं, की तो आणि जॅनेल नाताळापासून वेगळे राहताहेत. मुली आठवडाभर इकडे, आठवडाभर तिकडे.

“अरे, मग रविवारी का नाही बोललास?” आर्डिस म्हणाली. “मी त्यासाठीच तर बसले होते!”

“बोलणार होतो गं. पण तू माझ्याकडे बघत होतीस.”

फोन झाल्यावर आर्डिस उठली. खालच्या कपाटातून तवा काढला, स्टोव्ह पेटवला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला भूक नव्हती. तरी मी जाऊन फ्रीजला टेकलो.

“एक की दोन?” तिने विचारलं. आवाज बरा नव्हता तिचा.

“दोन,” मी म्हणालो. आणखी बरंच बोलायचं होतं. पण मला त्याची सवय नाही, आणि तिला वळून न बघण्याची आहे, म्हणून तेवढ्यावर भागलं.

रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला आर्डिसने हे सगळं समितीसमोर सांगितलं. अगदी सगळं, जॅनेलचं, मुलींचं, थंड स्टोव्हचं. आमच्या तळघरात असं कुणी बोलत नाही. बायका कपात बघत राहिल्या. शेवटी उपाध्यक्ष लाव्हॉनने घसा साफ केला. आता ही आर्डिसच्या खांद्यावर हात ठेवणार, असं मला वाटलं.

“पॅन भाजताना झाकला होतास,” तिने विचारलं, “की उघडाच?”

तुम्ही हसलात. हसा. पण अंडी किती ते शेवटी सांगतो, असं मी म्हटलं होतं, आणि एका घराची ही अशी हकीकत ऐकतानासुद्धा तुमच्या मनातून ते गेलेलं नाही.

बारा. रात्रीच फेटून ठेवा, म्हणजे सकाळी तुम्हाला कुणाशी बोलायला वेळच वेळ मिळेल.