तात्या वाळले

राजलक्ष्मीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. राजलक्ष्मी म्हणजे सणसरच्या रामहरी तात्यांची थोरली नात. वैशाखात लग्न झालं, पंगती उठल्या, कुठे काही उणं पडलं नाही. फक्त घरच्यांचा फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, "आजोबा, पोट जरा आत घ्या की."

तात्यांनी तोंड उघडायच्या आत मागून सर्जेराव बोलले, "बाबा, आत घेतल्यावरच तेवढं हाय ते!"

सगळा मांडव हसला. नवरी हसली. तात्यांची सख्खी बायको कुशाबाई, तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. त्या फोटोत सगळ्यांचे दात दिसतात आणि मधोमध तात्या एकटेच सुतकात असल्यासारखे उभे आहेत.

सर्जेराव म्हणजे लोणी भापकरचे, तात्यांच्या धाकट्या बहिणीचे, झुंबरचे मालक. नात्याने दाजी, आणि शूटिंग व्हॉलीबॉलमध्ये जन्माचे वैरी. या खेळात दोन्ही हात जुळवून चेंडू असा हाणायचा की समोरच्याने नुसतं बघत राहावं. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकलं की शाळेच्या मैदानावर साठी उलटलेल्यांचा सामना व्हायचा, सणसर विरुद्ध लोणी भापकर. तरुणपणी सर्जेरावांचा शूट उचलावा तो तात्यांनीच. पण अलीकडे तात्यांचं पोट सुटलं होतं. लग्नाआधीच्या जानेवारीत सर्जेरावांनी मारलेला चेंडू त्यांच्या पायापाशी पडला आणि तात्यांना वाकता आलं नाही. जाळीपलीकडून सर्जेराव म्हणाले होते, "पाव्हणं, पोटाखालनं गेला. दिसला न्हाय वाटतं!"

ते तात्यांनी गिळलं होतं. फोटोवाल्यासमोरचं मात्र घशाखाली उतरेना.

मांडव उतरला त्याच संध्याकाळी त्यांनी धाकट्या नातीला, श्रेयाला, ओसरीवर बोलावलं. "व्हय गं, तू ते खाण्यापिण्याचं शिक्षण घेतीस न्हवं बारामतीला? मला दाजीचा शूट घ्यायचाय. येत्या सव्वीस जानेवारीला. एक घेतला तरी बास. मग मेलो तरी चालंल."

"मरायचं नाहीये तात्या, वाकायचं आहे," श्रेया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना बारामतीला रक्त तपासायला घेऊन गेली. मग घरात कायदे सुरू झाले. चहात साखर नाही. भाकरी ज्वारीची आणि मोजून. मोडाची मटकी, अंडी, ताक भरपूर. दिवेलागणीला जेवण संपलेलं पाहिजे.

"भाकरी मोजून वाढायची?" कुशाबाईंनी कपाळाला हात लावला. "मी या घरात आल्यापासनं भाकरी मोजली न्हाय. मोजली तर लक्ष्मी रागावती."

"लक्ष्मी रागावंल तर रागावंल," तात्या म्हणाले. "तिला काय शूट घ्यायचाय?"

तात्यांनी मात्र सगळं मनावर घेतलं. पहाटे उठून कालव्याच्या कडेने चालायचे, पुढे पुढे पळायला लागले. संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीवर चेंडू हाणायचे. पहिले काही दिवस म्हशीने दूध चोरलं, मग तीही सरावली. गणपती आले तोवर तात्यांना आपल्या चपला दिसायला लागल्या होत्या. दिवाळीत सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला.

आता या भागाची रीत अशी, की माणूस सुटला तर त्याला सुखी म्हणतात. आणि वाळला, तर काय म्हणतात ते त्याच्या तोंडावर म्हणत नाहीत.

दूध घालायच्या ठिकाणी आधी कुजबुज झाली. तात्यांनी साखर सोडली. कुणाच्याशा लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढीलाच उठले. अंधारात कालव्यावर एकटे हिंडतात. एकाने त्यांना बारामतीत रक्त तपासायच्या दुकानाबाहेर नातीचा हात धरून उभं असलेलं पाहिलं होतं. मग कुणीतरी तात्यांच्या मुलाला, युवराजला, फाट्यावर गाठलं. तो एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला होता आणि निघाला होता पाळीला.

"युवराज, तात्यास्नी काय झालंय रं?"

"कुठं काय? झ्याक हायेत की," म्हणून त्याने गाडीला किक मारली, कारण उशीर झाला होता.

"बघितलं का?" मागे राहिलेले म्हणाले. "डोळ्याला डोळा दिला न्हाय पोरानं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून तात्यांकडे माणसं यायला लागली. कुणी बिस्किटाचा पुडा, कुणी शहाळं. येऊन बसायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि उठताना तात्यांचा हात हातात घेऊन उगीच धरून ठेवायचे. चहा यायचा. तात्या बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि पाहुणे एकमेकांकडे बघायचे.

"मला काय बी झालं न्हाय," तात्या सांगायचे.

"छ्या! तुमाला काय हुतंय?" पाहुणे इतक्या घाईने म्हणायचे, की तात्यांनाच क्षणभर शंका यायची.

मार्गशीर्षात झुंबर आली ती उंबऱ्यातूनच डोळे पुसत. "दादा, ल्हानपणी तुझ्या वाटणीची साय मी खाल्लेली. माफ कर रं मला."

"झुंबरे, मी ठणठणीत हाय! हे बघ," म्हणून तात्यांनी तिच्यासमोर दहा उठाबशा काढल्या.

झुंबर पदर तोंडात कोंबून आत चुलीपाशी गेली. "वहिनी, दादाला सांगितलंच न्हाय व्हय तुमी?"

"काय सांगायचं वन्सं? त्यांला काय झालंच न्हाय."

झुंबरने कुशाबाईंना मिठीच मारली. "म्हंजी तुलाबी सांगितलं न्हाय गं कुणी!"

कुशाबाईंनी तिला भाकरी वाढली. न मोजता.

तात्या रडकुंडीला आले होते. पण जानेवारी लागला आणि माऊली घरी आला, तिथून गोष्टीने वेगळंच वळण घेतलं. माऊली हा साखर कारखान्याचा तोडीचा माणूस. कुणाच्या उसात तोडणीची टोळी कधी घालायची हे त्याच्या हातात. त्यामुळे गावात त्याला आधी रामराम घालणाऱ्यांची गर्दी असायची आणि तो स्वतः कुणाच्या ओसरीला चढायचा नाही. गेल्या साली तात्यांच्या उसाला चैत्रापर्यंत तोड मिळाली नव्हती. उसाला तुरे आले, तो वाळून हलका झाला. ऊस वाळला आणि तात्या भरले, असं ते साल. यंदा उलटं होतं.

माऊलीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तात्या, येत्या आठवड्यात तुमच्या उसात टोळी घालतो. डोळ्यांदेखत ऊस गेलेला बरा असतो."

"माऊली, अरं मला काय बी..."

"अवो, खोकला आला का?" आतून कुशाबाईंचा आवाज आला. असा आवाज तात्यांनी आयुष्यात दोनदाच ऐकला होता आणि दोन्ही वेळा ते गप्प बसले होते. ते याही वेळी गप्प बसले. जरासे खोकलेही.

माऊली गेल्यावर तात्या म्हणाले, "अगं, ही फसवणूक हाय. कुणाचा तरी नंबर मागं जाणार."

"गेल्या साली आपला नंबर कुणी कुणी खाल्ला, सांगू का नावं? रान मोकळं होईपतूर तुमी आजारी हाय. मग काय उड्या मारायच्या त्या मारा."

"आन् सव्वीस जानेवारी?"

"तवर हुतंय समदं."

झालं नाही. टोळी आली, अर्धा ऊस तुटला, आणि मध्येच संक्रांतीला टोळीचा मुकादम गावी गेला तो लांबला. सव्वीस जानेवारी उजाडली तेव्हा अर्धा ऊस उभाच होता.

झेंडावंदन झालं. प्रभातफेरी आली. मैदानाच्या फाटकाशी जिलबीची कढई लागली, कारण झेंड्याच्या दिवशी घरी जिलबी नेली नाही तर पोरं बापाला देशभक्त मानत नाहीत. तात्यांना न मागता संघात घेतलं होतं. गडी म्हणाले, "तात्या, तुमी नुस्तं हुभं ऱ्हावा. आमी हाय."

कुशाबाई बायकांत पुढेच बसल्या होत्या. निघताना त्यांनी बजावलं होतं, "माऊली येणार हाय. दमानं. मधी मधी छातीला हात लावा."

पहिला डाव सुरू झाला. सर्जेरावांनी हात जुळवले. तात्यांनी गुडघे वाकवले, पाय रोवले, सगळं वर्ष या क्षणासाठी काढलं होतं. आणि चेंडू आला तो तरंगत, तान्ह्या पोराकडे फुगा सोडावा तसा. तात्यांनी तो सहज परतवला. मैदान टाळ्यांनी दुमदुमलं. दुसरा तसाच. तिसरा तर सर्जेरावांनी चक्क जाळीत घातला. पहिला डाव सणसरने जिंकला.

तात्या जाळीपाशी गेले. "दाजी, ह्यो काय चाळा लावलाय? खरा मारा की."

"मारतोय की पाव्हणं."

"मला शिकवताय व्हय खेळ?"

"झुंबरनं समदं सांगितलंय मला," सर्जेराव खाली बघून म्हणाले.

"काय समदं?"

"काय न्हाय." आणि सर्जेरावांनी तोंड फिरवून टॉवेलने घाम पुसला. घाम डोळ्यांतच जास्त आलेला दिसत होता.

दुसऱ्या डावात तात्या रुसले. हात मागे बांधून उभे राहिले, एका चेंडूला हात लावला नाही. लोक हळहळले, "दमलं बिचारं." तो डाव लोणीकडे गेला.

तिसऱ्या डावाआधी पाणी प्यायला सुट्टी झाली, तेव्हा तात्यांनी सर्जेरावांच्या दंडाला धरलं आणि ओढतच जिलबीच्या कढईपाशी नेलं.

"दाजी, मराय टेकलेल्या माणसाला काय जात न्हाय?"

"अन्न," सर्जेराव कसंबसं म्हणाले.

"मग बघा आता." तात्यांनी अर्धा किलो जिलबी कागदावर घेतली आणि खायला सुरुवात केली. वैशाखापासून जिभेला साखर लागली नव्हती. पहिली जिलबी सर्जेरावांना दाखवायला खाल्ली, दुसरीसुद्धा. पुढच्या कुणासाठी खाल्ल्या ते तात्यांनाही सांगता आलं नसतं. कुशाबाई धावत आल्या. "अवो, माऊली बघतोय! जरा तरी तोंड वाकडं करा!"

सर्जेराव नुसते बघत होते. डोळे भरलेलेच होते. कागद रिकामा झाला तशी तात्यांनी बोटं चाटली आणि कढईवाल्याला म्हणाले, "काय रं, पाकात कंजूषपणा केलास? गेल्या साली असा न्हवता."

सर्जेरावांची मान एकदम वर आली. "थांबा," ते म्हणाले. "थांबा पाव्हणं. मराय टेकलेला माणूस पाकाची तक्रार करत न्हाय."

"तेच तर सांगतोय कवाधरनं!"

"म्हंजी तुला काय बी झालं न्हाय?"

"पोट कमी झालंय. तूच हसला हुतास न्हवं मांडवात?"

सर्जेरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "अरं माणसा! महिना झाला मला झोप न्हाय! झुंबर रातच्याला उठून रडती. मी खंडोबाला बकरं बोललोय तुझ्यासाठी! आन् तू हितं पाक चाटतोस?"

"मग काढ की राग," तात्या म्हणाले. "जाळी हाय, चेंडू हाय."

तिसऱ्या डावातला पहिला शूट आला तो गोफणीतून सुटल्यासारखा. तात्या वाकले, पण जिलबी त्यांच्याआधी वर आली आणि चेंडू निघून गेला. दुसरा कानाजवळून गेला. तिसऱ्याच्या वेळी तात्यांना स्वतःचाच श्वास सापडेना. श्रेया कडेला डोक्याला हात लावून बसली होती. सगळं वर्ष मोजून वाढलेल्या भाकरी एका कागदाने पाण्यात घातल्या होत्या.

डाव संपत आला तेव्हा सर्जेरावांनी पुन्हा हात जुळवले. चेंडू सरळ तात्यांच्या पायापाशी निघाला, आदल्या सालच्याच जागी. तात्या गुडघ्यातून वाकले, अगदी जमिनीला टेकेपर्यंत, आणि मनगटांवर चेंडू घेऊन वर उठले. चेंडू जाळीवरून गेला आणि पलीकडे सर्जेरावांच्या शेजारी धपकन पडला. सर्जेराव हलले नाहीत. त्या चेंडूकडे बघत राहिले.

सामना लोणीने जिंकला. सर्जेराव जाळीखालून वाकून इकडे आले आणि तात्यांच्या पाठीत एक सणसणीत धपका घालून म्हणाले, "एक घेतलास. बाकीचे जिलबीनं खाल्ले."

"एकच मागितला हुता," तात्या म्हणाले. हाताची मनगटं लालबुंद झाली होती, ती त्यांनी दिवसभर ज्याला त्याला दाखवली.

बायकांत बसलेल्या कुशाबाईंनी मात्र तोडीची आशा सोडली होती. माऊलीने सगळं पाहिलं होतं. जिलबी पाहिली, उड्या पाहिल्या. तो जवळ आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

"काकू," माऊली म्हणाला आणि त्याचा आवाज घोगरा झाला, "शेवटची इच्छा म्हणून जिलबी खाल्ली त्यांनी, कळलं मला. आन् खेळले कसे! दिवा इझायच्या आधी असाच मोठा हुतो. मी दुसरी टोळी लावतो आजच्या आज."

दोन दिवसांत रान मोकळं झालं.

गाव शिमग्यापर्यंत थांबलं. पाडव्यापर्यंत थांबलं. मग लोकांना हळूहळू तात्यांचा राग यायला लागला. "अजून हायेतच की," असं कुणी कुणी म्हणालं. शहाळं आणणाऱ्या एकाने तर रामराम बंद केला. पुढच्या हंगामात माऊलीने तात्यांचा ऊस सगळ्यांत शेवटी तोडला, पार वैशाखात, आणि कुशाबाईंनी महिनाभर तात्यांना भाकरी न मोजता वाढली, म्हणाल्या, "खावा आता. वाळून काय फायदा न्हाय."

खंडोबाचं बकरं सर्जेरावांनी फेडलं. बोलले होते ते बोलले होते, आणि माणूस वाचला होता, मग देवाशी हुज्जत कशाला? जेवायला तात्यांनाच मानाने बसवलं. त्यानंतर दोघे आणखी दोन सव्वीस जानेवारी समोरासमोर खेळले आणि सर्जेरावांनी एकही चेंडू सोडून दिला नाही.

तात्या अजून रोज पहाटे कालव्यावर जातात. सर्जेराव राजलक्ष्मीच्या लग्नानंतरच्या चौथ्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे बसले असताना गेले. ते आजारी नव्हते, त्यामुळे त्यांना बघायला कुणी गेलं नव्हतं.